आईच्या दिवसाचा हिशोब

अपघात आणि भरपाई या विषयावर वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली काही निवडून इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातला प्रश्न घराघरांतला आहे.

प्रश्न : आमच्या शेजारच्या काकू गेल्या महिन्यात भाजी घेऊन रस्ता ओलांडत असताना टेम्पोच्या धडकेत गेल्या. वय बेचाळीस. घरी नवरा, शाळेत जाणारी दोन मुलं आणि थकलेल्या सासूबाई. तेराव्याला भरपाईचा विषय निघाला तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, "वहिनी कुठं कमवत होत्या? पगाराचा कागद नाही, तर कोर्ट काय देणार?" सगळे गप्प बसले. मला मात्र राहवत नाही. जिला पगार नाही तिच्या जाण्याचा हिशोब न्यायालय कसा करतं? आणि एका माणसाच्या जाण्याचा आकडा काढतात तरी कसा?
— एक वाचक, कराड

उत्तर : त्या नातेवाइकांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि हे त्या कुटुंबाला आजच्या आज सांगा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार भरपाईचा अर्ज अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, आणि ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. दिवसकार्य, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंची दुखणी यांत सहा महिने कसे सरतात ते कळतही नाही. "पगार नव्हता, काय मिळणार" असं म्हणून घरी बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांचं नुकसान दुहेरी होतं.

आता तुमच्या कुतूहलाकडे. जिवाची किंमत कुणालाच काढता येत नाही, हे न्यायाधीशही जाणतात. त्यांच्यापुढचे प्रश्न वेगळे असतात. हे माणूस गेल्यामुळे घराचा कुठला आधार तुटला? तो आणखी किती वर्षं मिळाला असता? आणि तो पैशांत मांडायचा तर किती भरेल? कमावत्या माणसाच्या बाबतीत पगारापासून सुरुवात करता येते. काकूंच्या बाबतीत सुरुवात कुठून करायची, हे ठरायला आपल्याकडे बराच काळ जावा लागला.

१९९४ साली मोटार वाहन कायद्याला भरपाईचं एक कोष्टक जोडलं गेलं. त्यात ज्याची कमाई नाही अशा माणसाचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरायला सांगितलं होतं, आणि पती किंवा पत्नी कमावती नसेल तर कमावत्या जोडीदाराच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश. म्हणजे बाईच्या कामाचं माप नवऱ्याच्या पगारावरून घ्यायचं! नवरा शिपाई असेल तर तिचा स्वयंपाक स्वस्त, साहेब असेल तर महाग.

हे माप पुढे न्यायालयांनी बदललं. त्याची एक ठळक पायरी जमशेदपूरची. ३ मार्च १९८९ रोजी तिथल्या पोलाद कारखान्यात संस्थापकांच्या जयंतीचा समारंभ चालू असताना मांडवाला आग लागली आणि साठ जण गेले. त्यांत बायका आणि मुलं फार होती. भरपाई ठरवण्याचं काम सर्वोच्च न्यायालयाने मूळचे पुण्याचे, माजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्याकडे सोपवलं. त्यांच्या अहवालात गृहिणींच्या कामाचं मोल वर्षाला १२,००० रुपये धरलं होतं. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने, घरात त्या किती प्रकारची कामं करतात हे लक्षात घेऊन, ३४ ते ५९ वयाच्या स्त्रियांसाठी ते महिन्याला ३,००० रुपये केलं, म्हणजे तिप्पट. रक्कम आज लहान वाटेल. पण चूल सांभाळणारी बाई काम करते आणि त्या कामाला मोल आहे, हे तिथे ठामपणे लिहिलं गेलं.

२०१० साली आणखी एका निकालात न्यायमूर्ती गांगुली यांनी जनगणनेवर बोट ठेवलं. तिथे घरकाम करणाऱ्या बायका भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर 'काम न करणाऱ्यां'च्या रकान्यात बसवल्या होत्या. मग ५ जानेवारी २०२१ रोजी 'कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स' या दाव्याचा निकाल आला. दिल्लीत २०१४ साली दुचाकीवरून जाणारं एक जोडपं मोटारीच्या धडकेत गेलं आणि मागे त्यांच्या मुली राहिल्या. तो निकाल देताना न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीत बायका बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं होतं. गृहिणीचं उत्पन्न मनाशी ठरवून धरावं, आणि पुढच्या वर्षांत नोकरदाराच्या पगारात होते तशी वाढ त्यातही धरावी, असं त्या निकालाने पक्कं केलं.

आता काकूंचाच हिशोब मांडून पाहू. समजा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्यांच्या कामाचं मोल महिन्याला १२,००० रुपये धरलं. (हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. प्रत्यक्षात त्या भागातलं किमान वेतन, घरातली माणसं, कामाचा व्याप हे सगळं पाहून तो ठरतो.) वर्षाचे झाले १,४४,०००. वय चाळीस ते पन्नासच्या दरम्यान आणि कायम नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीपोटी २५ टक्के मिळवायचे. बेरीज १,८०,०००. वाढीचा हा नियम सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी 'प्रणय सेठी' निकालात घालून दिला. या १,८०,००० मधून काकूंचा स्वतःवरचा खर्च वजा होतो. मागे चार ते सहा माणसं अवलंबून असतील तर एकचतुर्थांश. ४५,००० गेले, राहिले १,३५,०००. शेवटी वयाप्रमाणे गुणक. २००९ च्या 'सरला वर्मा' निकालातल्या तक्त्यात ४१ ते ४५ वयाला गुणक १४ आहे. १,३५,००० गुणिले १४, म्हणजे १८ लाख ९० हजार.

याशिवाय अंत्यसंस्काराचा खर्च आणि मालमत्तेच्या नुकसानीचे पैसे मिळतात. सहवासाला मुकल्याबद्दलही रक्कम मिळते. ती २०१७ साली ४०,००० ठरली होती आणि दर तीन वर्षांनी तीत दहा टक्के भर घालायची आहे. २०१८ पासून ती नवऱ्याप्रमाणे मुलांनाही मिळू लागली. आईचा हात डोक्यावरून गेला, याची थोडीशी का होईना, कागदावर नोंद झाली.

ही रक्कम बहुधा टेम्पोच्या विमा कंपनीकडून येते. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. दावा अपघात झाला तिथेच लावला पाहिजे असं नाही. कुटुंब राहतं त्या हद्दीतल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही तो लावता येतो. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारा. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, टेम्पोच्या विम्याची आणि चालकाच्या परवान्याची प्रत, मुलांचे शाळेचे दाखले, रेशन कार्ड हे सगळं एका फायलीत लावा. "आत्ता सही करा, उद्या चेक देतो" असं कुणी म्हणालं तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळू शकतो.

आणि एक काम तुम्ही स्वतः करा. एखाद्या संध्याकाळी त्या घरी जा. वही घ्या आणि सासूबाईंना विचारा, सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत सून काय काय करायची. पाणी भरणं, डबे, मुलांना शाळेत सोडणं, सासूबाईंच्या गोळ्या, दळण, बाजार, उन्हाळ्यातल्या कुरडया-पापड, शेतात खुरपणीला जाणं, शेजारच्या मुलांची शिकवणी, भिशीचा हिशोब. सगळं लिहा. आता त्यांतली कुठली कामं पैसे देऊन करून घ्यावी लागतात, तेही लिहा. त्यांच्याकडे पगाराचा कागद नव्हता. ही यादी त्या कागदाच्या जागी उभी राहते.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सुतारकाम करतो. अपघातात त्याचा डावा हात कोपराजवळून काढावा लागला. अपंगत्वाच्या दाखल्यावर ६० टक्के लिहिलं आहे. समोरची बाजू म्हणते, नुकसानही ६० टक्केच धरा. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. दाखल्यावरचा टक्का शरीराचा असतो. दावा कामाचा असतो. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 'राजकुमार विरुद्ध अजयकुमार' या २०१० च्या निकालात फार सोप्या शब्दांत समजावला आहे, आणि योगायोग असा की त्यात उदाहरणही डाव्या हाताचंच आहे. डावा हात गेला की शरीराचं अपंगत्व साधारण ६० टक्के धरलं जाईल. पण तो माणूस सुतार किंवा चालक असेल तर त्याची कमावण्याची ताकद जवळजवळ शंभर टक्के गेली. तोच माणूस सरकारी कचेरीत कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकेलही. एकाच जखमेतून एकाचं घर बसतं आणि दुसऱ्याचं चालू राहतं. म्हणून आधी माणूस काय काम करत होता आणि आता काय करू शकेल हे पाहायचं, आणि मगच टक्क्याकडे जायचं.

तुमच्या भावाने करवत कशी धरली जाते, रंधा मारताना दुसऱ्या हाताचं काम काय असतं, हे साक्षीत स्वतः सांगितलं पाहिजे. ज्या डॉक्टरांनी दाखला दिला त्यांनाही साक्षीला बोलवा. ज्यांच्या घरी त्याने दारं-खिडक्या बसवल्या त्यांच्याकडून कामाच्या पावत्या किंवा लेखी जबाब घ्या. जखमी माणूस जिवंत असतो, म्हणून त्याच्या उत्पन्नातून 'स्वतःवरचा खर्च' वजा होत नाही. उपचार, बुडालेले दिवस, भोगलेल्या वेदना, पुढे लागणारा कृत्रिम हात आणि तो काही वर्षांनी बदलायचा खर्च, हे सगळे वेगवेगळे रकाने आहेत. एकही रिकामा सोडू नका. रिक्षाचं भाडं आणि मेडिकलची बिलंसुद्धा जपून ठेवा.

प्रश्न : रस्त्यात अपघात दिसला की पोटात कालवतं, पण पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून आम्ही पुढे निघून जातो. नंतर रात्रभर झोप लागत नाही. मदत करणाऱ्याला खरंच त्रास होतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : झोप लागत नाही, याचा अर्थ पुढच्या वेळी तुम्ही थांबणार. निर्धास्तपणे थांबा. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. जखमीला दवाखान्यात पोचवून तुम्ही निघून जाऊ शकता. नाव, पत्ता, फोन देणं तुमच्या मर्जीवर आहे. साक्षीदार व्हायची सक्ती नाही. दवाखाना तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही किंवा दाखल करण्याचे पैसे तुमच्याकडे मागू शकत नाही. प्रामाणिकपणे मदत करताना जखमीला काही इजा झाली, तरी त्यासाठी तुमच्यावर खटला होत नाही.

दवाखान्यांनाही कायद्याने बांधलं आहे. १९८९ च्या 'परमानंद कटारा' निकालामागची घटना वाचली की आजही जीव कळवळतो. स्कूटरवरच्या जखमीला एका दवाखान्याने पोलीस केस आहे म्हणून दुसरीकडे पाठवलं आणि तो वाटेतच गेला. आधी जीव वाचवा, कागद नंतर, हा दंडक तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या डॉक्टरांना घालून दिला. आता तर ५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे.

अपघातानंतरचा पहिला तास सोन्याचा. त्या तासात काय करायचं, ते पाठ करून ठेवा. १०८ किंवा ११२ ला फोन करा आणि जागा नेमकी सांगा : किलोमीटरचा दगड, जवळचा पेट्रोल पंप, गावाचं नाव. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून जोरात दाबून धरा आणि सारखी उचलून पाहू नका. श्वास चालू असेल तर दुचाकीस्वाराचं हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल तर जखमीला हलवू नका. पाणी पाजू नका, शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनलिकेत जातं. मागून येणाऱ्या गाड्यांना कुणीतरी दुरूनच हात दाखवून थांबवत राहा, नाहीतर मदत करणारेच पुढचे जखमी होतात.

प्रश्न : धडक देऊन गाडी पळून गेली. नंबर कुणीच पाहिला नाही. मग सगळं संपलं का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : संपलं नाही. अशा अपघातांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खाली वेगळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत असल्यास ५०,००० रुपये मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार कचेरीत करायचा. रक्कम मोठी नाही, पण मोडलेल्या घराला ती पहिला हातभार लावते. त्यासाठी एफआयआर हवाच. म्हणून गाडी सापडली नाही तरी पोलिसांत नोंद करायला टाळाटाळ करू नका. आसपासच्या दुकानांचे, पेट्रोल पंपांचे कॅमेरे पाहायला पोलिसांना लगेच सांगा, कारण ती चित्रफीत काही दिवसांत पुसली जाते. गाडी सापडली तर दावा नेहमीच्या मार्गाने लावता येतो.

प्रश्न : खड्ड्यात पडून पाय मोडला, तर दाद कुणाकडे मागायची? आणि जुन्या इमारतीचा गिलावा डोक्यात पडला तर?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खड्ड्याबद्दल सांगण्यासारखी ताजी गोष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना दुखापतीप्रमाणे ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. चांगला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे न्यायालयाने पुन्हा बजावलं. अशा मागणीचा पाया म्हणजे पुरावा. खड्ड्याचे फोटो त्याच दिवशी काढा. आजूबाजूची ओळखीची खूण त्यात येऊ द्या. खोली दिसावी म्हणून खड्ड्यात काठी किंवा पाण्याची बाटली उभी ठेवा. दवाखान्यात "घरात पडलो" असं सांगू नका. जे झालं तेच केसपेपरवर लिहून घ्या. नंतर ते बदलता येत नाही.

गिलाव्याची गोष्ट जुनी आहे. दिल्लीच्या चांदणी चौकात टाउन हॉलसमोरचा घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं दगावली. मनोरा ८० वर्षांचा होता, आणि ज्या चुन्यात तो बांधला होता त्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचं. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेला जबाबदार धरलं. जो इमारत बाळगतो त्याने रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोक्याचीही काळजी घ्यायची, हे त्याचं सार. ते प्रत्येक गृहनिर्माण संस्थेला लागू आहे. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने सक्तीची आहे. तुमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय "पुढच्या वर्षी पाहू" म्हणून ढकलला जात असेल तर उठून बोला. आणि घरी जाऊन गॅलरीच्या कठड्यावरची तुळशीची कुंडी आत घ्या. चौथ्या मजल्यावरून सुटलेल्या कुंडीखाली कोण उभं असेल, हे आपल्या हातात नसतं.

प्रश्न : आम्ही मित्र ट्रिपल सीट जात होतो. मागून मोटारीने ठोकलं. आता ते म्हणतात, तुमचीच चूक, भरपाई नाही. आणि समजा चूक खरंच आपली असेल तर?
— एक महाविद्यालयीन वाचक, अमरावती

उत्तर : दुचाकीवर तिघं बसणं हा गुन्हा आहे आणि त्याचा दंड भरावा लागेल. पण अपघात त्यामुळे झाला का, हा प्रश्न वेगळा. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी तुमच्यासारखी घटना आली होती : मोटारसायकलवर तिघं, मागून मोटारीची धडक. तिघं बसल्यामुळे धडक झाली किंवा इजा वाढली असं सिद्ध होत नसेल, तर नुसत्या तिघांच्या बसण्यावरून भरपाई कापता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

चूक स्वतःचीच असेल तर मात्र चित्र पालटतं. भरधाव, बेफिकीर चालवून स्वतःच गेलेल्या चालकाच्या कुटुंबाला थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. गाडीमालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो तुमच्या पॉलिसीवर आहे का, हे आजच उघडून पाहा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्या मित्राला त्याचं संरक्षण नसतं, हेही लक्षात ठेवा. म्हणजे तुमच्या चुकीने तो जखमी झाला तर त्याच्या आई-वडिलांपुढे तुम्हालाच उभं राहावं लागेल.

आणि हेल्मेट. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलं नव्हतं. पट्टा टिचकन लागेपर्यंत ते डोक्यावर बसवा. कोपरात अडकवलेलं हेल्मेट फार तर कोपर वाचवतं.

प्रश्न : मी आठवीच्या वर्गाला शिकवते. मुलं शाळा सुटली की मोठ्या भावांच्या गाड्यांवर भरधाव जातात. कायद्याची कलमं त्यांच्या डोक्यावरून जातात. त्यांना पटेल असं एकच काय सांगू?
— एक शिक्षिका, लातूर

उत्तर : बाई, त्यांना मैदानावर न्या. क्रिकेटची खेळपट्टी मोजा, ती साधारण २० मीटर भरेल. मग हे गणित घाला.

समोर अचानक कुणी आलं की डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशी ४० च्या वेगाने गाडी तेवढ्यात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. मग ब्रेक लागतो आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर आणखी नऊएक मीटरवर ती उभी राहते. एकूण २६ मीटर, म्हणजे एक खेळपट्टी आणि वर सहा मीटर. मुलांना तिथे चुन्याची रेघ मारायला लावा.

आता ताशी ६० चा वेग घ्या. दीड सेकंदात गाडी २५ मीटर गेली. म्हणजे चाळिसाच्या वेगाची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे साठाच्या गाडीचा ब्रेक नुकता लागत असतो. त्या रेघेवर तिचा वेग अजून जवळजवळ साठच असतो. तिला थांबायला आणखी एक खेळपट्टी लागते. हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्या. आठवीच्या मुलांना ते जमतं, आणि स्वतः काढलेलं उत्तर विसरलं जात नाही.

मग एका मुलाला हातात भाजीची पिशवी देऊन त्या रेघेवर उभं करा आणि वर्गाला विचारा, इथे आपली आई असेल तर गाडी कुठल्या वेगाने यावी? या पानाच्या सुरुवातीला ज्या काकू आहेत, त्या अशाच एका रेघेवर उभ्या होत्या. त्यांच्या दिवसाचा हिशोब आता न्यायाधिकरण मांडेल, आणि तो मांडलाच पाहिजे. पण कुणाच्याही आईचा दिवस असा वहीत उतरवायची वेळ येऊ नये, हे त्या चुन्याच्या रेघेवर ठरतं. तुमची मुलं ती रेघ स्वतःच्या हाताने मारतील, म्हणून ती त्यांच्या लक्षात राहील.